उपचार, इलाज, औषधपाणी: रुग्णांसाठी लिहिताना कोणता शब्द कुठे वापरावा?

गोदाकाठ :

नाशिकमधल्या एका रुग्णालयात येणाऱ्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम आम्ही काही जण हौसेने करत आहोत. रुग्ण शहरातले असतात, तसेच पेठ, सुरगाणा, दिंडोरी, चांदवड या भागांतूनही येतात. आणि पत्रक प्रत्यक्षात वाचणारा बहुधा रुग्णाचा मुलगा, सून किंवा भाऊ असतो.

पहिल्या मसुद्यात आम्ही सरसकट 'उपचार' हा शब्द वापरला, कारण सरकारी फलकांवर आणि वर्तमानपत्रांत तोच असतो. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचे बोलणे ऐकले, तर हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच येतो. 'ट्रीटमेंट चालू आहे', 'औषधपाणी करून थकलो', 'इथला इलाज चांगला आहे', 'दोन वर्षे झाली, दवाखाना मागे लागलाय', अशी वाक्ये ऐकू येतात. शब्दकोशात हे सारे शब्द एकमेकांशेजारी बसतात. वाक्यात मात्र एकाच्या जागी दुसरा ठेवला की काहीतरी बिनसते. 'माझा नाइलाज झाला' असे आपण म्हणतो, 'माझा निरुपचार झाला' असे कोणी म्हणत नाही.

तुमच्या घरात, गावात, कामाच्या ठिकाणी कोणता शब्द कोणत्या वाक्यात येतो, ते कृपया लिहावे. नुसती शब्दांची यादी नको, वाक्य हवे.

पंचवटीकर :

मी शाळेत संस्कृत शिकवत असे, त्यामुळे सुरुवात धातूपासून करतो. त्याचा राग मानू नये.

'उप' म्हणजे जवळ आणि 'चर्' म्हणजे वावरणे. जवळ राहून केलेली सेवा तो उपचार. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांतल्या परिचारकाच्या गुणांमध्ये पहिला गुण 'उपचारज्ञता' हा आहे. त्यापुढे दक्षता, रुग्णाविषयीचा जिव्हाळा आणि स्वच्छता येतात. म्हणजे त्या ग्रंथाच्या दृष्टीने उपचार जाणणारा माणूस पेज करून भरवणारा, अंग पुसणारा, कूस बदलून देणारा आहे. वैद्य जे करतो त्याला ग्रंथ चिकित्सा म्हणतो आणि तिच्यासाठी तीस अध्यायांचे स्वतंत्र चिकित्सास्थान ठेवतो. अमरकोशानेही 'चिकित्सा रुक्प्रतिक्रिया', म्हणजे चिकित्सा हा रोगाचा प्रतिकार, असे म्हणून विषय मिटवला आहे. आज मराठीत गंमत अशी झाली आहे की उपचार डॉक्टर करतात आणि शेजारी उभी राहून सेवा करणारीला आपण त्याच धातूवरून परिचारिका म्हणतो.

चिकित्सा या शब्दाची वाट मराठीत आणखीच वेगळी गेली. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीत चिकित्सक म्हणजे खोदून खोदून विचारणारा माणूस. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या संपादनाला आपण चिकित्सित आवृत्ती म्हणतो, तिथे कोणाच्या नाडीला हात लावलेला नाही. हिंदीत चिकित्सा अधिकारी आणि चिकित्सा महाविद्यालय असते, आपल्याकडे वैद्यकीय अधिकारी आणि वैद्यकीय महाविद्यालय असते. १९९८ साली आपल्या शहरात विद्यापीठ आले, तेही 'आरोग्य विज्ञान' हे नाव घेऊन. 'जिल्हा शल्यचिकित्सक' एवढे एक पद सरकारी पाटीवर जुना अर्थ सांभाळून आहे, आणि त्या पदालाही लोक 'सिव्हिल सर्जन'च म्हणतात. तेव्हा पत्रकात 'चिकित्सा' नको. 'आपल्या रुग्णाची चिकित्सा सुरू आहे' असे वाचून नातेवाइकाला वाटेल की अजून नुसती चौकशीच चालली आहे.

एक आडवाट घेतो. रामकुंडाच्या परिसरात रोज षोडशोपचार पूजा होतात. पूजेतला उपचार म्हणजे देवाला पाहुणा मानून केलेली सरबराई: आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. एखादी वस्तू जवळ नसली की गुरुजी 'सर्वोपचारार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणतात आणि चिमूटभर अक्षतांवर वस्त्रापासून आभूषणापर्यंत सगळे भागते. 'औपचारिक' या शब्दाला मराठीत जो कोरडेपणा आला आहे, तो मला तरी या अक्षतांतून आलेला दिसतो. 'निव्वळ उपचार म्हणून भेटायला आला' हे वाक्य आपण सहज बोलतो. पत्रकात या अर्थाचा घोटाळा होणार नाही, पण 'उपचार' हा शब्द लोकांना लांबचा का वाटतो याचे एक कारण येथे असावे.

रात्रपाळी :

मी वॉर्डात काम करते. सरकारी कागदावर आमची नावे अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी असतात. रुग्णांसाठी आम्ही सगळ्या 'सिस्टर'.

पंचवटीकर सरांच्या लिखाणावरून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटली. नातेवाइक जेव्हा विचारतात तेव्हा ते उपचारांविषयी विचारत नाहीत, गुणाविषयी विचारतात. 'सिस्टर, गुण येईल ना?', 'ताप उतारला का?', 'आईला आराम पडला का?', 'या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून आलो.' उपचार, ट्रीटमेंट, औषधपाणी हे सगळे शब्द आपण काय करतो ते सांगतात. गुण, उतार, आराम हे शब्द त्यातून काय झाले ते सांगतात. पत्रकात पहिला गट भरपूर आणि दुसरा अजिबात नाही, अशी स्थिती असते. 'उपचारांचा प्रतिसाद दिसण्यास कालावधी लागू शकतो' हे वाक्य मी एका रुग्णाच्या मुलाला वाचून दाखवले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, 'म्हणजे कोण प्रतिसाद देत नाहीये?' त्याऐवजी 'औषधाचा गुण दिसायला चार-पाच दिवस लागतात, तोवर औषध बंद करू नका' असे सांगितल्यावर त्याने पुढचे सगळे नीट ऐकून घेतले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. 'उपचार सुरू आहेत' हे वाक्य आम्ही कर्मचारी सुरक्षित म्हणून वापरतो, कारण त्यात कोणतेही वचन नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ते बातमीतल्या 'उपचार सुरू असताना मृत्यू झाला' या वाक्याची सावली घेऊन पडते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी हे वाक्य ऐकताच एका काकूंनी भिंतीला हात टेकलेला मी पाहिला आहे. त्यांचे यजमान त्या वेळी चहा मागत होते. तेव्हापासून मी आधी माणसाविषयी बोलते आणि मग कामाविषयी: 'काका शुद्धीवर आहेत, बोलतात, सलाईन चालू आहे, संध्याकाळी डॉक्टर पुन्हा बघतील.'

'मानसोपचार' हा जोडशब्दही याच पत्रकात येणार असेल, तर त्याच्यापुढे एक साधे वाक्य अवश्य जोडावे. पुष्कळांच्या मनात तो शब्द ऐकताच पहिले चित्र 'शॉक देण्या'चे येते आणि ते तिथूनच परत फिरतात. झोप लागत नाही, मन लागत नाही, जेवण जात नाही, यासाठीसुद्धा या विभागात यायचे असते, एवढे लिहिले तरी पुरे.

निफाडचा बागायतदार :

मी वैद्यकातला माणूस नाही, पण 'औषध' या शब्दाविषयी आमच्या बाजूचे कोणीतरी लिहायला हवे म्हणून लिहितो.

आमच्याकडे 'औषध' म्हटले की आधी ट्रॅक्टरमागचा ब्लोअर डोळ्यांपुढे येतो. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत डाऊनी आणि भुरी या रोगांच्या मागे जे काही मारावे लागते, ते सगळे औषध. गंधक हेही औषध, मोरचूद आणि चुना कालवून केलेले बोर्डो मिश्रण हेही औषध आणि कीटकनाशक हे तर औषधच. 'आज औषध घ्यायला पिंपळगावला गेलो होतो' असे कोणी म्हणाले, तर तो कृषी सेवा केंद्रात गेला होता असेच आम्ही समजतो. माणसाचे औषध आणायचे असेल तर 'मेडिकलमधून गोळ्या आणल्या' असे म्हणतो. पिकाच्या बाबतीत 'उपचार' हा शब्द मात्र कोणी वापरत नाही. बियाण्याला औषध चोळण्याला हिंदीत बीजोपचार म्हणतात, आपल्या कृषी विभागाच्या पत्रकांत ती बीजप्रक्रिया असते.

यातून एक खरा धोका निर्माण होतो. 'त्याने औषध घेतले' हे वाक्य खेड्यात दबक्या आवाजात सांगितले गेले, तर त्याचा अर्थ विष घेतले असा असतो, आणि सांगणारा त्याहून अधिक काही बोलायला धजत नाही. फवारताना वाऱ्याने अंगावर आले, नाकातोंडात गेले, तरी सांगताना 'औषध लागले' एवढेच सांगितले जाते. आता रात्रीच्या वेळी रुग्णालयात नवीन डॉक्टरने 'आधी काही औषध घेतले आहे का?' असे विचारले आणि नातेवाइकाने मान हलवली, तर दोघांच्या मनात दोन वेगळी औषधे असू शकतात. म्हणून पत्रकात 'डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या-औषधे' आणि 'फवारणीचे औषध' असे पूर्ण शब्द लिहावेत, आणि दुसऱ्या बाबतीत डबा किंवा बाटली लेबलासकट सोबत आणायला सांगावे. त्या लेबलावर घटकाचे नाव असते आणि विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

रात्रपाळी :

दादा, हे तुम्ही फार बरे केले. आमच्याकडे हा प्रश्न 'शेतातले औषध की दवाखान्यातले?' असाच विचारतात, पण तो सवयीने विचारतात. कागदावर तो कुठेच नाही.

बातमीमेज :

वर्तमानपत्राच्या कामात या शब्दाशी रोज गाठ पडते, म्हणून व्याकरणापुरते लिहितो.

'उपचार' हा शब्द वैद्यकीय अर्थाने बहुधा अनेकवचनी चालतो: उपचार सुरू आहेत, उपचार करण्यात आले. एकवचनात तो एखाद्या विशिष्ट पद्धतीविषयी येतो, जसे 'या आजारावर हा उपचार नवा आहे'. त्याच्यामागे मराठीत 'वर' लागतो: रुग्णावर उपचार, आजारावर उपचार. अलीकडे 'रुग्णाचा उपचार केला' असे वाक्य सर्रास दिसते, ते हिंदीच्या वळणाचे आहे. 'इलाज' मात्र दोन्ही प्रकारे चालतो, आणि 'त्याला इलाज नाही' हा तर तिसराच प्रकार. 'औषध' देतात तेही आजारावर. 'खोकल्यावर औषध' हे जितके सहज वाटते तितके 'खोकल्याचे औषध'ही वाटते, पण पहिल्यात खोकला बरा करण्याचा विचार आहे आणि दुसऱ्यात बाटलीचा.

'उपचारार्थ दाखल' हा आमचा छापील साचा पत्रकात नसावा, अशी माझी विनंती राहील.

भगूरकर :

चर्चा उत्तम आहे. मात्र 'इलाज' आणि 'दवाखाना' यांना पत्रकात जागा देण्याला माझा विरोध आहे. ज्या भगूरमध्ये १८८३ साली सावरकरांचा जन्म झाला, त्याच नाशिक जिल्ह्यात आपण हे पत्रक काढत आहोत. दिनांक, महापौर असे शब्द त्यांनी दिले आणि ते रुळले. 'उपचार', 'रुग्णालय', 'औषधालय' हे आपले शब्द उपलब्ध असताना अरबी शब्द पुढे करण्याचे कारण काय? लोकांच्या तोंडी नाहीत म्हणून शब्द टाकले, तर ते लोकांच्या तोंडी कधीच बसणार नाहीत.

जुनेनाशिक :

भगूरकर, दिनांक आणि महापौर रुळले हे खरेच आहे, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. पण ते दोन्ही कागदावरचे शब्द आहेत. पोट दुखत असताना माणूस कागदावरचा शब्द शोधत नाही.

इलाज हा अरबीतून आला, दवाही अरबीतून आली आणि 'नाइलाज'मधला 'ना' फारसीचा आहे. 'दवादारू' या जोडीत तर दारूचा मूळ फारसी अर्थही औषध असाच आहे. आपल्याकडे येताना ती बाटलीत आणि तोफेत शिरली, त्याला कोण काय करणार! माझी आजी जुन्या नाशकातल्या वाड्यात सोवळ्याने स्वयंपाक करत असे आणि तोंडाने 'नाइलाजाने दवाखान्यात जावे लागले' असे म्हणत असे. तिच्या बोलण्यातून हे शब्द बाहेर काढले असते, तर तिला मुकेच राहावे लागले असते. उलट पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेदाच्या रुग्णालयाचे 'आरोग्यशाळा' हे नाव आहे. शब्द देखणा आहे, शुद्ध आहे, आणि तो त्या इमारतीपुरता लोकांनी स्वीकारलाही आहे. म्हणून गावातल्या बाकीच्या दवाखान्यांना कोणी आरोग्यशाळा म्हणू लागलेले नाही.

मुख्य मुद्दा अर्थाचा आहे. 'यावर इलाज आहे' या वाक्यात जी आशा आहे ती 'यावर उपचार आहेत' या वाक्यात निम्मीच उरते, कारण इलाज म्हणजे आजार हटण्याची वाट आणि उपचार म्हणजे त्या वाटेवरचे चालणे. रुग्णाला हा फरक कळतो. क्षयरोगाच्या पत्रकात मी 'यावर हमखास इलाज आहे, मात्र औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात' असे लिहीन. ज्या आजारात फक्त त्रास कमी करता येतो, तिथे मी इलाज हा शब्द मुद्दाम टाळीन आणि उपचार वापरीन. दोन शब्द हाताशी असल्यामुळेच हे खरेपण सांभाळता येते.

भगूरकर :

शेवटच्या परिच्छेदातला भेद मला मान्य आहे. 'दवाखाना' तरीही टोचतो.

डांगसौंदाणे ते सुरगाणा :

मी सुरगाणा तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते आणि प्रमाण मराठी ती शाळेत शिकतात, त्यामुळे पत्रकातले शब्द कुठे अडतात ते मला जवळून दिसते.

वरच्या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द राहून गेला आहे, आणि तो नाम नसून क्रियापद आहे: 'दाखवणे'. 'डॉक्टरला दाखवले का?', 'भगताला दाखवून आलो', 'सिव्हिलला दाखवा म्हणाले'. उपचार, इलाज, ट्रीटमेंट यांपैकी काहीही न म्हणता माणूस या एका क्रियापदावर सगळे सांगतो, आणि ते भगत, वैदू, आरोग्य केंद्र, मोठे रुग्णालय या सर्वांना सारखेच चालते. म्हणूनच 'यापूर्वी कोणते उपचार घेतले?' या प्रश्नाला आमचे पालक 'नाही' असे उत्तर देतात. त्यांनी खोटे सांगितलेले नसते. झाडपाल्याचे औषध, लेप, अंगारा यांना ते उपचार म्हणत नाहीत, कारण उपचार हा त्यांच्या लेखी सरकारी इमारतीतला शब्द आहे. तोच प्रश्न 'याआधी कोणाकोणाला दाखवले? त्यांनी खायला-प्यायला, लावायला काय दिले?' असा विचारला की सगळे सांगतात: कोणती मुळी उगाळून दिली, किती दिवस दिली, ती घेतल्यावर उलट्या झाल्या की नाही.

भगताचे नाव काढले की पत्रक लिहिणाऱ्यांचा स्वर एकदम उपदेशाचा होतो, तो टाळावा असे मला वाटते; एका गोष्टीत मात्र सवलत देऊ नये. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तिथे 'उपचार घ्यावेत' असे मोघम लिहू नये. 'साप चावल्यास थेट दवाखान्यात न्या, वाटेत कोणाला दाखवत बसू नका' असे लिहावे. या वाक्यात 'दाखवत' हा शब्द नेमक्या जागी बसतो, कारण वेळ जातो तो तिथेच.

'उतारा' आणि 'तोडगा' हे शब्दही टाळावेत. विषावरचा उतारा हा पुस्तकातला अर्थ आहे. आमच्याकडे उतारा म्हणजे तिठ्यावर ठेवलेले लिंबू-भात, आणि खातेदारासाठी सात-बारा. तोडगा तर आता संपात आणि वाटाघाटीतच निघतो.

पंचवटीकर :

बाई, तुमच्या 'दाखवणे'ने माझ्या धातूंची सगळी मांडणी मागे टाकली, याचा मला आनंदच आहे. भर म्हणून एवढेच सांगतो: चरकाने चिकित्सास्थानाच्या आरंभी भेषजाचे, म्हणजे औषधाचे, जे पर्यायी शब्द दिले आहेत, त्यांत 'पथ्य' आणि 'हित' हेही शब्द आहेत आणि 'प्रायश्चित्त'सुद्धा आहे. त्यांतला पथ्य हा एकच शब्द आज आजी, शेतकरी, डॉक्टर आणि पत्रक या चौघांच्याही तोंडी एकाच अर्थाने आहे. 'आहारविषयक निर्बंध' असे काही मसुद्यात असेल, तर ते खोडून 'पथ्य' लिहावे.

गोदाकाठ :

'आहारविषयक निर्बंध' होते. आता नाही.

सर्वांच्या सूचना घेऊन मसुदा पुन्हा लिहिला आहे. मथळ्यांत आणि संमतीपत्रात 'उपचार' ठेवला, कारण रुग्णालयाच्या बाकीच्या कागदांवर आणि खिडक्यांवर तोच शब्द असल्याने नातेवाइकाला तो ओळखता यायला हवा. मजकुरात मात्र पुढील वाक्ये आली आहेत, ती कृपया तपासावीत.

'केसपेपर काढताना, याआधी कोणाला दाखवले होते आणि त्यांनी काय औषध दिले होते, ते सांगा. झाडपाल्याचे असले तरी सांगा. कोणी रागावणार नाही.'

'सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. फवारणीचे औषध अंगावर, डोळ्यांत किंवा पोटात गेले असल्यास तसे लगेच सांगा आणि डबा लेबलासकट आणा.'

'औषधाचा गुण दिसायला काही दिवस लागू शकतात. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध बंद करू नका.'

'पथ्य काय आहे ते घरी जाण्यापूर्वी सिस्टरांना विचारून घ्या.'

भगूरकरांसाठी: 'दवाखाना' दोनच ठिकाणी आहे, त्यांतले एक सर्पदंशाचे वाक्य आहे.

रात्रपाळी :

'कोणी रागावणार नाही' हे पत्रकात छापण्यापूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात सगळ्यांना वाचून दाखवावे लागेल. ते मी करते. दुसऱ्या वाक्यात एक बदल सुचवते: डबा पिशवीत बांधून आणा, जेवणाच्या डब्याबरोबर एकाच पिशवीत नको, असे लिहा. तसे आणणारे असतात.

निफाडचा बागायतदार :

आणि डबा उघडून वास घेऊन बघू नका, हेही त्यातच घाला.